मुलाखतीनंतरचे चार ओळींचे पत्र

(ज्ञातिसभेच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी, सोलापूर येथे केलेले भाषण)



सभेच्या चिटणीसांनी 'नोकरीच्या वाटेवर असलेल्या मुलांना चार शब्द सांगा' अशी आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिक आणि त्यावर अध्यापनाची पदविका, एवढेच. सारा जन्म प्राथमिक शाळेत फळ्यापुढे उभे राहण्यात गेला. आज समोर बसलेल्यांत अभियंते आहेत, हिशेबशास्त्राचे पदवीधर आहेत, संगणकाचे जाणकार आहेत. त्यांना आम्ही नोकरीविषयी काय सांगावे? परंतु विचार करता असे ध्यानात आले की, एक विषय असा आहे, जो आम्ही अडतीस वर्षे मुलांना शिकविला आणि स्वतः मात्र त्यात नापास झालो. तो विषय म्हणजे आभाराचे पत्र. नापास झालेल्याने त्या विषयावर बोलावे, यात कदाचित थोडे औचित्यही असेल.

मुलाखत आटोपल्यावर, निकाल कळण्यापूर्वी, ज्यांनी मुलाखत घेतली त्यांना चार ओळींचे आभारपत्र पाठविण्याची रूढी पाश्चात्त्य देशांत, विशेषेकरून अमेरिकेत, चांगली रुळलेली आहे. आता पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतूनही ती दिसू लागली आहे. आपल्या मुलांना मात्र ती ठाऊक नसते. आणि ठाऊक झाली तरी पत्र लिहिण्यास हात धजत नाही. पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्यास जावयाचे, मुलाखत द्यावयाची, रात्री परतावयाचे आणि मग दूरध्वनी कधी येतो म्हणून वाट पाहत बसावयाचे, असा आमच्या ओळखीच्या कित्येक मुलांचा क्रम आहे. 'पत्र लिहिलेस का?' असे विचारले की उत्तर येते, 'गुरुजी, बरे दिसेल का ते?' हे 'बरे दिसेल का' कोठून आले, याचा थोडा शोध घेऊ.

पहिले कारण आपल्या बोलण्याच्या रीतीत आहे. आपल्याकडे आईने वाढले म्हणून कोणी तिचे आभार मानीत नाही. मानले तर तीच विचारील, 'परक्यासारखे काय बोलतोस?' आभार या शब्दातच भार आहे. आपल्या माणसाने केलेले आपण तोंडाने फेडीत नाही, मनात बाळगतो. ही रीत सुंदर आहे, परंतु ती घरापुरती. परक्या माणसाने आपल्यासाठी अर्धा तास दिला, तर त्याच्या मनातले त्याला आणि आपल्या मनातले आपल्याला, असे ठेवून चालत नाही. आणि पत्राची रीत आपल्याला नवी आहे, असेही नाही. यादवांच्या काळातील हेमाद्रीच्या नावावर 'मेस्तक' सांगितले जाते. पत्रव्यवहार कसा करावा, कोणास कोणता मायना लिहावा, हे त्यात घालून दिलेले असे. पेशवाईतील कारकून 'बहुत काय लिहिणे' म्हणून पत्र पुरे करी, तेव्हा त्या तीन शब्दांत थोडक्यात आटोपण्याची सभ्यता होती. ज्यांच्या पूर्वजांनी पत्राची एवढी निगा राखली, त्यांना चार ओळी जड जाव्यात, हे पटण्यासारखे नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे आणि ते आपल्या या शहराच्या इतिहासात आहे. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. १८७७ साली येथील जुनी गिरणी सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या निघाल्या आणि त्यांच्या भोंग्यावर साऱ्या शहराचे घड्याळ चालू लागले. विसावे शतक सरता सरता ते भोंगे थांबले. परंतु त्या काळात कामावर माणूस घेतला जाई, तो मुलाखत घेऊन नव्हे. गिरण्यांतून भरती जॉबरच्या हाती असे. कामगाराला कामावर घेणारा तोच, बदली देणारा तोच आणि घरी बसविणारा तोच. त्याचे 'आभार' मानावे लागत, ते रोख रकमेने. त्याला दस्तुरी असे गोंडस नाव होते. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने हिंदुस्थानातील मजुरांच्या स्थितीची पाहणी केली आणि १९३१ साली अहवाल दिला. त्यात जॉबरांच्या या लाचखोरीची स्पष्ट नोंद आहे, आणि भरतीचा अधिकार त्यांच्या हातून काढून स्वतंत्र मजूर अधिकारी नेमावेत, अशी शिफारस आहे.

आमचे वडील एका गिरणीत साचेखात्यात होते. कायम होण्यापूर्वी कित्येक वर्षे ते बदली कामगार म्हणून दाराशी उभे राहत. जॉबरला नारळ आणि नारळाखाली घडी करून ठेवलेली नोट द्यावी लागे, हे त्यांनी आम्हांस सांगितले ते फार उशिरा, आणि मान खाली घालून. काम त्यांच्या हातात होते, साचा त्यांना उत्तम चालविता येत होता. तरी ते काम कोणाच्या तरी मेहरबानीने मिळाले, ही बोच त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. ज्या घराने अशी दस्तुरी दिली, त्या घरातील मुलास 'नोकरी देणाऱ्याचे आभार मान' म्हटले की अंगावर काटा येतो. त्याला वाटते, ही पुन्हा तीच लाचारी. मित्रांनो, आज आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच की, आभारपत्र ही दस्तुरी नव्हे. ती दस्तुरीच्या अगदी उलट वस्तू आहे. दस्तुरी देणारा काही मागत असतो. आभारपत्र लिहिणारा काही मागत नाही. आणि ज्या पत्रात मागणे शिरले, ते आभारपत्र उरतच नाही.

हे आम्हांस कळले, ते स्वतःच्या चुकीने. ती हकीगत सांगण्याची परवानगी असावी.

१९७८ साली आम्ही पदविका घेऊन बाहेर पडलो. शहरातील एका खाजगी संस्थेच्या शाळेत शिक्षकाची एक जागा होती, तिच्या मुलाखतीस गेलो. टेबलापलीकडे पाच गृहस्थ होते. त्यांत एक वयस्क मुख्याध्यापक होते. त्यांनी आमची प्रमाणपत्रे सावकाश वाचली, दुमडलेला कोपरा बोटाने सरळ केला आणि मग विचारले, 'सेवायोजन कार्यालयात नाव नोंदविले आहे ना? कार्ड पाहू.' कार्ड पाहून ते म्हणाले, 'याच्या नूतनीकरणाची मुदत या महिनाअखेर संपते. ती चुकली तर तुमची ज्येष्ठता जाईल. उद्या सकाळीच जाऊन या.' ती जागा आम्हांस मिळाली नाही. दुसरा उमेदवार आमच्याहून अधिक शिकलेला होता, तेव्हा त्यात अन्यायही नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सेवायोजन कार्यालयात जाऊन कार्डाचे नूतनीकरण केले. आठ महिन्यांनी त्याच यादीतून जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी आम्हांस बोलावणे आले. पुढची अडतीस वर्षे आमच्या घरची चूल पेटली, ती त्या दोन वाक्यांवर.

मुलाखतीच्या दिवशीच संध्याकाळी आम्ही टपाल कचेरीतून एक कार्ड आणले. 'तीर्थरूप गुरुवर्यांचे सेवेशी, शि. सा. न. वि. वि.' एवढा मायना लिहिला. पुढे 'आज आपण' असे दोन शब्द लिहिले. वडील रात्रपाळीस निघाले होते. ते मागे उभे राहून म्हणाले, 'कागद कशाला धाडायलास? पुन्हा नोकरी मागायला आलाय म्हणतील.' वडिलांचे म्हणणे त्यांच्या अनुभवातून आले होते. त्यांना बोल लावीत नाही. पण लेखणी थांबली, ती थांबलीच. मग मनाशी ठरविले की, निकाल लागला की लिहू. निकाल विरुद्ध गेला. आता लिहिले तर टोचून लिहिल्यासारखे होईल असे वाटले. पुढे नेमणूक झाली, तेव्हा वाटले, कार्ड काय पाठवावयाचे, पेढे घेऊन समक्षच जाऊ. नेमणूक झाली लांबच्या खेड्यात. सुटीत आलो की घरची कामे. उशीर वाढला तशी लाज वाढली आणि लाज वाढली तसा उशीर.

१९९१ साली वर्तमानपत्रात त्यांच्या निधनाची बातमी वाचली. भेटावयास गेलो. त्यांच्या चिरंजिवांनी आदराने बसविले आणि विचारले, 'आपण दादांचे विद्यार्थी का?' आम्ही 'नाही' म्हणालो. 'मग त्यांच्या शाळेत होता का?' त्यालाही 'नाही' म्हणालो. आम्ही त्यांचे कोण, हे सांगण्यास आम्हांस शब्द सापडेना. चिरंजिवांनी एक फडताळ दाखविले. त्यात पत्रांची एक गठडी दोऱ्याने बांधून ठेवली होती. कोणी कधी लिहिलेली, कोठकोठून आलेली. 'दादा हे सगळे जपून ठेवीत,' ते म्हणाले. त्या गठडीत आमचे कार्ड नव्हते. ते आमच्या ट्रंकेत होते आणि अजूनही आहे: मायना आणि 'आज आपण'.

असो. आमची हकीगत पुरे. आता कामाच्या गोष्टीकडे वळू.

पत्र केव्हा लिहावे? त्याच संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी. मन निवण्यापूर्वी आणि लाज येण्यापूर्वी. पूर्वी कार्ड होते. आज ई-मेल आहे, ते काही क्षणांत पोहोचते, त्यामुळे सबबही उरलेली नाही. कोणास लिहावे? ज्यांनी मुलाखत घेतली त्यांस. निघताना त्यांचे नाव व हुद्दा नम्रपणे विचारून टिपून घ्यावा, आणि नाव अचूक लिहावे; ज्याचे आभार मानतो, त्याच्या नावातली वेलांटी चुकली तर आभाराची किंमत निम्मी होते. दोघांनी मुलाखत घेतली असेल तर दोघांस वेगवेगळे लिहावे, एकाची नक्कल दुसऱ्यास पाठवू नये. किती लिहावे? पाच-सहा वाक्ये. काय लिहावे? कोणत्या दिवशी, कोणत्या पदासाठी भेटलो, कशाबद्दल आभारी आहोत, बोलण्यातली कोणती एक गोष्ट मनात राहिली, एखाद्या प्रश्नाचे उत्तर अपुरे राहिले असेल तर ते एका वाक्यात पुरे करावे, आणि थांबावे.

नमुन्यादाखल एक पत्र वाचून दाखवितो. शाळेत फळ्यावर लिहीत असू, तसेच समजावे.

'स. न. वि. वि.

काल सकाळी हिशेबनीस पदासाठी आपण माझी मुलाखत घेतलीत. परगावाहून आलेल्या उमेदवाराचे म्हणणे आपण घाई न करता ऐकून घेतलेत, याबद्दल आभारी आहे. कोठारातील माल आणि वहीतील नोंद दर आठवड्यास ताडून का पाहावी, हे आपण सांगितलेत. तो विचार मला नवा होता. परत आलेल्या मालाविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी पुरते देता आले नाही. अशा वेळी ग्राहकाच्या नावे जमाचिठ्ठी करावयाची असते, हे घरी येऊन पुस्तकात पाहिले. आपला निर्णय काहीही होवो, कालच्या भेटीतून मला शिकावयास मिळाले. कळावे.'

यात काय नाही, तेही पाहावे. 'घरची परिस्थिती हलाखीची आहे' हे नाही. 'आपण मायबाप आहात' हे नाही. 'जन्मभर ऋणी राहीन' हे नाही. अमक्या पुढाऱ्याची ओळख नाही, अमक्या ज्ञातिबंधूचे नाव नाही. पत्राबरोबर पेढ्यांचा पुडा नाही, सोलापुरी चादरही नाही. भेटवस्तू आली की पत्राची दस्तुरी झालीच म्हणून समजावे.

येथे एक इशारा अवश्य द्यावयास हवा. हे सारे खाजगी नोकरीपुरते आहे. लोकसेवा आयोगाच्या किंवा अन्य सरकारी निवडमंडळाच्या मुलाखतीनंतर सभासदांना पत्र, निरोप, दूरध्वनी, काहीही करू नये. निवडीसाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष वशिला लावणारा उमेदवार तेथे अपात्र ठरतो, आणि निरागस पत्राचाही तसा अर्थ लावला जाऊ शकतो. तेथे गप्प राहणे हाच शिष्टाचार. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या श्रेणीतील पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. मुलाखतीच्या आडून चालणाऱ्या वशिल्याला आणि देवघेवीला आळा बसावा, हाच त्यामागील हेतू. जॉबर गेला तरी दस्तुरीची भीती देशाच्या मनातून गेलेली नाही, याचेच ते गमक होय.

आता कोणी म्हणेल, 'गुरुजी, हल्ली भ्रमणध्वनीला सांगितले की तोच पत्र लिहून देतो.' देतो खरा. आणि मायना, शुद्धलेखन, सारे आमच्याहून बरे असते. परंतु त्या खोलीत तो नव्हता. समोरच्या गृहस्थांनी तुम्हांस पाणी विचारले, की तुमचे उत्तर अडखळले तेव्हा त्यांनी प्रश्न सोपा करून पुन्हा घातला, हे त्याला ठाऊक नाही. ते एक वाक्य तुमचे तुम्हीच लिहावयास हवे. बाकीचे कोणी लिहिले, याला फारसे महत्त्व नाही.

'पण पत्राने नोकरी मिळते का?' हा प्रश्न तुमच्या मनात आहे, हे आम्ही जाणतो. प्रामाणिक उत्तर असे की, ज्याला काम येत नाही त्याला पत्राने ते येत नाही. आमच्या एका भाचीने आमच्या आग्रहावरून पुण्यातील एका मुलाखतीनंतर असे पत्र लिहिले. तिची निवड झाली नाही. मात्र चार दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले: तुमचा पाया चांगला आहे, करआकारणीचा भाग अधिक पक्का करा. तिने तो भाग पक्का केला आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी लागली. आम्ही तिला विचारले, 'पत्राचा काय उपयोग झाला?' ती म्हणाली, 'मामा, उत्तर आले नसते तरी चालले असते. नेहमी मुलाखतीहून आले की मी काहीतरी मागून आले असे वाटायचे. त्या दिवशी वाटले, मी कोणाला तरी भेटून आले.' अडतीस वर्षे शिकवूनही आम्हांस हे इतक्या नेमकेपणाने सांगता आले नसते.

शेवटी, या सभागृहातील कारखानदार, व्यापारी आणि अधिकारी बंधूंनाही एक विनंती. आभार एका बाजूने चालत नाहीत. आपल्याकडे दहा मुले मुलाखतीस येतात, एक घेतला जातो. उरलेल्या नऊ जणांना आपण काय कळवितो? बहुधा काहीच नाही. ती मुले महिना महिना दूरध्वनीकडे पाहत बसतात आणि मधल्या काळात दुसरीकडे अर्जही करीत नाहीत. 'आपण आलात याबद्दल आभारी आहोत. या खेपेस दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे', एवढ्या ओळीला किती खर्च येतो? आणि शक्य असेल तर त्या ओळीखाली आणखी एक ओळ, त्या मुलाच्या उपयोगी पडेल अशी. आम्हांस जागा न देणाऱ्या त्या मुख्याध्यापकांनी तेवढेच केले होते.

सभेने परवानगी दिल्यास, दर रविवारी सकाळी सभेच्या वाचनालयात बसून मुलांना अर्ज व पत्रे लिहिण्यास साह्य करण्याची आमची तयारी आहे. शुल्क नाही. येताना एकच करावे: आजवर ज्यांनी तुम्हांस मदत केली आणि ज्यांना लिहावयाचे राहून गेले, अशा एका माणसाचे नाव मनात धरून यावे. ज्यांच्या देणगीतून आजची पारितोषिके दिली गेली, तेही असतील. ज्यांनी नकार दिला, पण नीट दिला, तेही असतील. पहिले पत्र त्यांना लिहू, नोकरीचे मागाहून.

ज्यांना पाठवावयाचे, ती माणसे हयात असताना पत्र पाठविता येणे, हे मोठे भाग्य आहे. ते तुमच्याजवळ आहे. आम्ही ते दवडले.